हायड्रोजनच्या आधीच्या दोन आराखड्यांचा हिशोब द्या : नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाला खुले पत्र

प्रति,
माननीय मंत्री आणि सचिव,
नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालय,
अटल अक्षय ऊर्जा भवन, नवी दिल्ली.

स. न. वि. वि.

मी शास्त्रज्ञ नाही. भोसरी एमआयडीसीत माझं छोटं मशीन शॉप आहे. गाड्यांचे सुटे भाग हे आमचं रोजचं काम, त्यावरच कामगारांचे पगार निघतात. पण बरीच वर्षं आम्ही प्रयोगशाळांसाठी आणि कॉलेजांसाठी फ्युएल सेलच्या (हायड्रोजन आणि हवेतल्या ऑक्सिजनपासून वीज करणाऱ्या यंत्राच्या) प्लेटा, टेस्ट जिग असं किरकोळ कामही करतो. किरकोळ म्हणजे नगांनी किरकोळ, डोकेदुखीने नव्हे. तुमच्या मंत्रालयातून निघालेला संशोधनाचा रुपया शेवटी ज्या टेबलांवर येऊन पडतो, त्यातलं एक टेबल माझं आहे. तिथून हायड्रोजन संशोधनाच्या नियोजनाचं जे दिसतं ते लिहितो आहे.

4 जानेवारी 2023 रोजी मंत्रिमंडळाने राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनला मंजुरी दिली. 19,744 कोटी रुपये, 2030 पर्यंत वर्षाला 50 लाख टन हरित हायड्रोजन, म्हणजे मुख्यतः अक्षय विजेने पाण्यातून काढलेला. त्याच वर्षी संशोधनाचा वेगळा आराखडाही आला. वाचायला चांगला आहे, मेहनत घेतलेली दिसते. पण हा देशाचा पहिला आराखडा नाही, आणि हे त्यात कुठेतरी ठळक लिहायला हवं होतं.

2003 मध्ये राष्ट्रीय हायड्रोजन ऊर्जा मंडळ स्थापन झालं. रतन टाटांच्या अध्यक्षतेखालच्या गटाने आराखडा केला आणि तो 2006 मध्ये मंजूर झाला. 2020 पर्यंत देशात हायड्रोजनवर चालणारी 10 लाख वाहनं, त्यातली बहुतेक दुचाकी आणि तीनचाकी, शिवाय हायड्रोजनवरची 1,000 मेगावॉट वीज, असं त्यात म्हटलं होतं. 2020 येऊन गेलं. मधल्या काळात, 2016 मध्ये, के. कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखालच्या सुकाणू समितीने दुसरा आराखडा अहवालाच्या रूपात दिला. उत्पादन, साठवण, फ्युएल सेल, वाहतूक या प्रत्येकासाठी वेगळी उपसमिती होती. मग 2023 उजाडलं आणि पाटी पुसून पुन्हा श्रीगणेशा झाला.

10 लाख वाहनं आली नाहीत याबद्दल माझी तक्रार नाही. तेव्हा बॅटऱ्या इतक्या स्वस्त होतील असं कुणालाच वाटलं नव्हतं. तक्रार ही, की मधल्या काळात जे केलं त्याचं काय झालं हे एका जागी वाचायला मिळत नाही. 2012 मध्ये दिल्लीच्या प्रगती मैदानात महिंद्राच्या 15 हायड्रोजन तीनचाक्या चालवल्या गेल्या, आयआयटी दिल्ली त्यात होती. 2013 मध्ये इस्रो आणि टाटा मोटर्सने महेंद्रगिरीला फ्युएल सेल बस चालवून दाखवली. बनारस हिंदू विद्यापीठात तर त्याच्याही आधीपासून हायड्रोजनवर मोटरसायकली चालत होत्या. या गाड्या बंद का पडल्या? टाकी, सील, कंट्रोलर की गॅसचा खर्च? उद्घाटनाचे फोटो सापडतात. बंद पडल्याची कारणं सापडत नाहीत, आणि मला हवी आहेत ती कारणं.

का हवी आहेत, ते शॉपमधल्या कामावरून सांगतो.

फ्युएल सेलचा एक सेल लोडवर जेमतेम 0.6 ते 0.7 व्होल्ट देतो. कामाची वीज हवी तर असे शे-दोनशे सेल थरावर थर रचून स्टॅक करावा लागतो. दोन सेलच्या मध्ये एक प्लेट, तिच्या एका अंगाने हायड्रोजन जातो, दुसऱ्या अंगाने हवा. या प्लेटेवरच्या खाचा मिलिमीटरभर रुंद आणि तेवढ्याच खोल. प्लेटेचं ग्रॅफाइट मशीनवर चढवलं की काळी भुकटी उडते. ती वीजवाहक असते, म्हणजे कंट्रोल पॅनेलमध्ये शिरली की पॅनेल गेलंच. म्हणून हे काम आम्ही रात्रपाळीला, एका जुन्या मशीनवर, व्हॅक्यूम लावून करतो. एंडमिल (खाच पाडणारं कटर) थोडी बोथट झाली तरी खाचेची कड उडते आणि प्लेट भंगारात जाते. जुळणीच्या वेळी बोल्ट समोरासमोरचे, टॉर्क रेंचने, टप्प्याटप्प्याने आवळायचे. ढिले राहिले तर गॅस गळतो. जास्त आवळले तर आतला कार्बन पेपर (गॅस पसरवणारा कार्बन तंतूंचा कागद) चिरडतो आणि गॅसला वाटच उरत नाही. मग नायट्रोजन भरायचा, साबणाचं पाणी लावायचं आणि बुडबुडा कुठे येतो ते बघत बसायचं. दोनशेतला एक सेल गळका निघाला तरी सगळा स्टॅक उघडावा लागतो.

एकदा एका संस्थेचं ड्रॉइंग आलं. गॅस्केटची खाच कडेच्या इतकी जवळ होती, की आवळल्यावर कोपरा उडणार हे माझ्या ऑपरेटरने कागद बघूनच सांगितलं. कारण काही वर्षांपूर्वी वेगळ्याच संस्थेच्या प्लेटा नेमक्या त्याच जागी फुटलेल्या त्याने पाहिल्या होत्या. नव्या मुलांना हे कळायला काही मार्गच नव्हता. जुना प्रकल्प मुदत संपली म्हणून बंद झालेला. त्यावरची पोरं कुणी परदेशी, कुणी सॉफ्टवेअरमध्ये. आणि फुटलेल्या प्लेटांवर पेपर कोण लिहितो? पहिल्याचं ड्रॉइंग दुसऱ्याला दाखवणं गोपनीयतेच्या करारात बसत नाही, त्यामुळे ऑपरेटरने तोंडी सावध केलं तेवढंच. सरकारी पैशाने मिळालेला एक धडा भोसरीतल्या एका माणसाच्या डोक्यात होता. तो त्या आठवड्यात रजेवर असता तर सरकारने त्याच धड्याचे पैसे दुसऱ्यांदा मोजले असते.

आता मुदतीकडे येतो. तुमच्याच संशोधन आराखड्यात प्रकल्पांचे तीन प्रकार केले आहेत: पाच वर्षांपर्यंतचे मिशन मोड, आठ वर्षांपर्यंतचे ग्रँड चॅलेंज आणि पंधरा वर्षांपर्यंतचे ब्लू स्काय. विभागणी अगदी शहाणपणाची आहे. पण मार्च 2024 मध्ये संशोधन योजनेच्या मार्गदर्शक सूचना निघाल्या, त्यात 400 कोटींची तरतूद 2025-26 या आर्थिक वर्षापर्यंतची. पंधरा वर्षांचं संशोधन आणि दोन वर्षांचा पैसा, ही सांगड कशी घालायची? ट्रकच्या फ्युएल सेलने 25,000 तास टिकावं असं उद्दिष्ट अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने ठेवलं होतं. दिवसरात्र न थांबता चालवला तरी 25,000 तास व्हायला तीन वर्षांना थोडंच कमी लागतं. वेग वाढवून घ्यायच्या चाचण्या असतात, हे मलाही माहीत आहे. पण त्यांचं उत्तर खरं की खोटं हे शेवटी खऱ्या तासांशीच ताडून बघावं लागतं. म्हणजे प्रकल्पाची मुदत वस्तूच्या अपेक्षित आयुष्यापेक्षा कमी. अशा मुदतीत माणूस काय करणार? टिकाऊपणाला हात न लावता नवा कॅटॅलिस्ट (उत्प्रेरक) करेल, त्याचा सुरुवातीचा झकास आकडा छापेल आणि पुढच्या प्रस्तावाला लागेल. यात त्याचा दोष नाही.

त्या दोन वर्षांतही पैसा सरळ येत नाही. आमच्याकडे फेब्रुवारीत फोन सुरू होतात: पीओ (खरेदीची ऑर्डर) आजच घ्या, 31 मार्चच्या आत बिल द्या, नाहीतर निधी परत जाईल. टॉलरन्स (मापातली सूट) मायक्रॉनमध्ये मागायचा आणि वेळ तीन आठवडे द्यायची. एप्रिल ते ऑगस्ट सगळं सामसूम, कारण मागच्या हप्त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला) कुठेतरी टेबलावर पडून असतं. एका संस्थेचं बिल माझ्याकडे इतकं लांबलं की ते काम दिलेला प्रोजेक्ट फेलो तोवर नोकरी सोडून गेला, आणि नव्या मुलाला त्या प्लेटा कशासाठी होत्या हेच माहीत नव्हतं. त्या मुलांची फेलोशिपही महिनोन्‌महिने अडकते. चहाला येतात तेव्हा बोलतात.

याउलट जिथे सातत्य राहिलं तिथे काय झालं, हे बघायला आम्हाला लांब जावं लागत नाही. पाषाणची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, कारैकुडीची विद्युतरसायन संशोधन संस्था आणि पुण्याची केपीआयटी कंपनी यांनी सीएसआयआरच्या (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या) एका योजनेत 2016 मध्ये 10 किलोवॉटच्या स्वदेशी स्टॅकचं काम हाती घेतलं. 2020 मध्ये त्यावर मोटार चालली, ऑगस्ट 2022 मध्ये बस पुण्यात दाखवली गेली आणि फेब्रुवारी 2024 मध्ये कोचीन शिपयार्डच्या हायड्रोजन बोटीला पंतप्रधानांनी झेंडा दाखवला. आठ वर्षं, आणि माणसं फारशी विखुरली नाहीत. दुसरं उदाहरण अंबरनाथचं. डीआरडीओच्या नौदल पदार्थ संशोधन प्रयोगशाळेने पाणबुडीसाठी फॉस्फोरिक ॲसिडचा फ्युएल सेल केला. त्याला लागणारा हायड्रोजन पाणबुडीतच तयार होतो, सिलिंडर भरून न्यायची गरज नाही. जमिनीवरची चाचणी मार्च 2021 मध्ये यशस्वी झाली. थरमॅक्स आणि एल अँड टी हे उद्योगातले भागीदार. डिसेंबर 2024 मध्ये संरक्षण मंत्रालयाने त्याच्या जोडणीसाठी माझगाव डॉकशी सुमारे 1,990 कोटींचा करार केला. उशीर पुष्कळ झाला, टीकाही झाली. पण नौदल गिऱ्हाईक म्हणून उभं राहिलं, आपल्याला नेमकं काय हवं हे सांगत राहिलं, म्हणून काम मेलं नाही. तुमच्या 400 कोटींतल्या प्रकल्पांपैकी किती जणांना असं वाट बघणारं गिऱ्हाईक आहे, हा प्रश्न प्रस्ताव मंजूर करतानाच विचारला जावा.

400 कोटींबद्दलही दोन शब्द. मिशनच्या 19,744 कोटींतले 17,490 कोटी उत्पादनाच्या प्रोत्साहनाला, 1,466 कोटी पथदर्शी प्रकल्पांना आणि संशोधनाला 400. शंभरातले दोन. बाकीचा पैसा वाया जातो असं मी म्हणत नाही, कारखाने उभे राहिले तर आम्हालाच काम मिळेल. पण कारखान्यात आज काय येतंय? एल अँड टीच्या हजीऱ्याच्या इलेक्ट्रोलायझरचं (विजेने पाण्यातून हायड्रोजन काढणाऱ्या यंत्राचं) तंत्रज्ञान फ्रान्सच्या मॅकफाय कंपनीचं. रिलायन्सने नॉर्वेच्या नेल कंपनीकडून परवाना घेतला. गेलच्या विजयपूर प्रकल्पातला 10 मेगावॉटचा संच कॅनडाहून आला. तिकडे ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्राने स्वतःचा अल्कधर्मी इलेक्ट्रोलायझर केलेला आहे आणि भारत पेट्रोलियमने तो मोठ्या आकारात न्यायला घेतला आहे. प्रोत्साहनाचा रुपया देताना या दोहोंत काही फरक करायचा की नाही, ते ठरवा.

परक्याचं तंत्रज्ञान घ्यायला माझी हरकत नाही. माझी सगळी मशीनंही काही इथली नाहीत. हरकत ही, की काही प्रश्न फक्त आपलेच आहेत आणि त्यांची उत्तरं परवान्याबरोबर येत नाहीत. बसमधला फ्युएल सेल 60 ते 80 अंशांवर चालतो. डिझेल इंजिनाची बरीच उष्णता धुराबरोबर निघून जाते, फ्युएल सेलची जवळजवळ सगळी रेडिएटरमधूनच काढावी लागते. बाहेर 10 अंश असले तर अडचण नाही. विदर्भात मे महिन्यात बाहेर 45 असताना पाणी आणि हवा यांच्यात फरक उरतो किती? रेडिएटर केवढा करायचा, पंख्यालाच किती वीज द्यायची? शिवाय हा सेल बाहेरची हवा आत घेतो. आपल्या शहरांतल्या हवेतलं गंधक, नायट्रोजनचे ऑक्साइड, अमोनिया, मुंबईच्या खाडीची खारी हवा, बांधकामांची धूळ, हे सगळं सेलमधल्या प्लॅटिनमच्या कॅटॅलिस्टवर जाऊन बसतं.

म्हणूनच मार्च 2025 मध्ये तुम्ही मंजूर केलेल्या 37 वाहनांकडे माझं लक्ष आहे. 15 फ्युएल सेलवर, 22 हायड्रोजन जाळणाऱ्या इंजिनांवर, 9 भरणा केंद्रं, सुमारे 208 कोटींचं साहाय्य. मार्गांत पुणे-मुंबईही आहे. याहून चांगली प्रयोगशाळा बांधूनही मिळाली नसती. खोपोलीवरून बोरघाट चढताना पूर्ण लोड, उतरताना जवळजवळ शून्य, पावसाळ्यात शंभर टक्के दमटपणा, कळंबोलीच्या सिग्नलला रखडपट्टी. दर फेरीला स्टॅकचा व्होल्टेज किती घसरला, कुठला फिल्टर कधी बदलला, किलोमागे किती किलोमीटर मिळाले, भरणा केंद्र किती वेळा बंद होतं, हे आकडे सार्वजनिक पैशातून येणार आहेत. ते सार्वजनिक व्हावेत. कंपन्या गुपितं फुटतील म्हणून कुरकुरतील, त्यावरही तोडगा आहे. अमेरिकेत सरकारी प्रयोगशाळेने सगळ्या कंपन्यांच्या गाड्यांची माहिती गोळा करून, नावं काढून, एकत्रित आलेख छापले. कुणाची गाडी हे कळत नाही, पण तंत्रज्ञान कुठे अडलंय ते दिसतं. तिथल्या प्रकल्पांना दरवर्षी परीक्षकांसमोर उघडपणे काम मांडावं लागायचं आणि त्यावरचे शेरे कुणालाही वाचता यायचे. जपानने घरगुती फ्युएल सेल 2009 मध्ये बाजारात आणला, त्याआधी तीन हजारांहून अधिक संच लोकांच्या घरात बसवून, ते कुठे बिघडतात ते नोंदवलं होतं.

आणखी एक गोष्ट, जी लिहिताना माझ्याच पोटावर पाय येतो. फ्युएल सेलच्या मोटारींवर संशोधनाचा पैसा घालू नका. एक किलो हायड्रोजन करायला 50 ते 55 युनिट वीज लागते. तो दाबून टाकीत भरला, फ्युएल सेलमधून काढला, की हातात 16-17 युनिट उरतात. तीच वीज बॅटरीत भरली तर 50 तले 40 चाकापर्यंत पोचतात. लांब पल्ल्याचे जड ट्रक, जहाजं, पाणबुडी इथे वजनाचं आणि वेळेचं गणित वेगळं असतं, तिथे जरूर करा. पण हायड्रोजनची खरी गरज आहे ती खतात, तेलशुद्धीकरणात, पोलादात. तिथे तो इंधन नाही, कच्चा माल आहे, आणि बॅटरी त्याची जागा घेऊ शकत नाही.

त्यातही संशोधनाचे प्रश्न आ वासून उभे आहेत. थळ आणि चेंबूरच्या खत कारखान्यांचंच घ्या. युरियाला अमोनियाबरोबर कार्बन डायऑक्साइड लागतो, आणि तो आज त्याच नैसर्गिक वायूतून मिळतो ज्यातून हायड्रोजन काढतात. हायड्रोजन हरित केला की हा फुकटचा कार्बन डायऑक्साइड जातो. मग तो कुठून आणायचा? की युरियाऐवजी दुसरं नत्र खत शेतकऱ्याच्या गळी उतरवायचं? हा रसायनशास्त्राचा प्रश्न आहे तेवढाच अनुदानाच्या धोरणाचाही. दुसरा प्रश्न इलेक्ट्रोलायझरचा. अल्कधर्मी इलेक्ट्रोलायझर फार कमी लोडवर चालवला तर हायड्रोजन आणि ऑक्सिजन पडद्यापलीकडे मिसळायला लागतात, ते धोक्याचं. आपली वीज मुख्यतः सौर, म्हणजे सकाळ-संध्याकाळ कमी लोड आणि रात्री बंद. रोज चालू-बंद होणारं यंत्र किती वर्षं टिकेल? पडदा, निकेलचा लेप, सील यांचं काय होईल? झळाळी असलेला विषय नाही हा, पण 50 लाख टनांचं गणित यावरच उभं आहे.

पाण्याची मात्र जरा जास्तच आरडाओरड होते. किलोला 9 लिटर या हिशोबाने 50 लाख टनांना साधारण 1.6 टीएमसी, म्हणजे खडकवासल्याच्या एका धरणापेक्षाही कमी. शुद्धीकरण आणि थंडाव्याचं पाणी धरून दुप्पट-तिप्पट होईल. देशासाठी ते फार नाही. एकाच दुष्काळी तालुक्यात प्रकल्प टाकला तर आहे.

तेव्हा मागणं काय, तर पहिलं म्हणजे 2006 आणि 2016 च्या आराखड्यांखाली ज्या ज्या प्रकल्पांना पैसा दिला, त्यांची यादी आणि प्रत्येकापुढे दोन पानं: काय ठरलं होतं, काय झालं, कुठे अडलं. ज्यांनी ते काम केलं ती माणसं अजून आहेत. काही निवृत्त झाली आहेत, पण फोन उचलतात. अजून दहा वर्षांनी हे होणार नाही. यापुढच्या प्रकल्पांना शेवटचा हप्ता देताना फसलेल्या प्रयोगांची नोंद मागा, जशी उपयोगिता प्रमाणपत्राची मागता. पैसा मार्चअखेरीला बांधू नका. प्रकल्प पाच वर्षांचा असेल तर पाच वर्षांचा निधी आधीच बाजूला काढा. पुणे, जोधपूर, भुवनेश्वर आणि केरळ इथे हायड्रोजन व्हॅली (उत्पादनापासून वापरापर्यंत सगळं एका भागात आणणारे समूह) होत आहेत, त्यात निदान एका ठिकाणी असं टेस्ट बेंच (चाचणीची यंत्रणा) असू द्या, की छोट्या कारखानदाराला आपली प्लेट, आपला सील ठरलेली फी भरून हजारो तास चालवून बघता येईल. सप्टेंबर 2025 मध्ये तुम्ही स्टार्टअपसाठी 100 कोटींची योजना आणली, एकाला 5 कोटींपर्यंत. चांगलं केलंत. पण प्रत्येकाने त्या 5 कोटींतून स्वतःचंच टेस्ट बेंच घ्यायचं ठरवलं, तर संशोधनाला उरेल काय?

आणि खरेदीचा नियम. जिथे प्लेट मायक्रॉनमध्ये मोजतात तिथे सर्वांत कमी दराची निविदा लावू नका. एका संस्थेने अशीच माझ्यापेक्षा निम्म्या दराने प्लेटा घेतल्या, आणि नंतर त्या घासून सपाट करायला माझ्याकडेच पाठवल्या.

कळावे,
आपला,
भोसरीतला एक लघुउद्योजक

ता. क. : या पत्राची प्रत महाराष्ट्राच्या ऊर्जा विभागाला आणि महाऊर्जेलाही (राज्याच्या ऊर्जा विकास संस्थेलाही) पाठवतो आहे. राज्याने जुलै 2023 मध्ये 8,562 कोटींचं हरित हायड्रोजन धोरण मंजूर केलं. पहिल्या 20 भरणा केंद्रांना 30 टक्के भांडवली अनुदान, पहिल्या 500 प्रवासी वाहनांना एकेकी 60 लाखांपर्यंत. त्या वाहनांच्या पैशातला थोडा हिस्सा आयटीआय आणि पॉलिटेक्निकमध्ये वळवता येईल का? हायड्रोजनची ज्योत दिवसाउजेडी डोळ्यांना दिसत नाही, ही साधी गोष्टही माझ्याकडे येणाऱ्या फिटर मुलांना कुणी शिकवलेली नसते. भरणा केंद्रावर पाना घेऊन उभी राहणार आहेत ती हीच मुलं.